मनातली उधारीची वही

आपल्या प्रत्येकाकडे एक वही असते. ती कोणाला दिसत नाही, पण आपण ती रोज उघडतो. 'मी तिच्यासाठी इतके केले, तिने साधी विचारपूससुद्धा केली नाही.' 'त्यांच्या लग्नात आपण एवढा आहेर केला, आपल्या वेळी त्यांनी काय दिले?' माणूस दारात येण्याआधी त्याची थकबाकी आपल्याला आठवते. मग आपण त्या माणसाशी वागत असतो, की त्याच्या थकबाकीशी?

हा प्रश्न मला उशिरा पडला. मी इंदूरला वाणिज्य शाखेच्या शेवटच्या वर्षात शिकते. दोन वर्षांपूर्वी वर्गातल्या एका मैत्रिणीने परीक्षेचा फॉर्म भरण्यासाठी माझ्याकडून पंधराशे रुपये घेतले. "पुढच्या महिन्यात देते," म्हणाली. दोन महिने गेले. मी पैसे मागितले नाहीत, कारण मागणे मला हलकेपणाचे वाटत होते. पण मी तिच्या शेजारी बसणे सोडले. ती कॅन्टीनमध्ये चहा पिताना दिसली की मनात यायचे, 'चहाला बरे पैसे आहेत!' एकदा चारचौघींत मी हसत म्हटले, "हिला उधार देताना लिहून घ्या बरं का." सगळ्या हसल्या. तीही हसली. त्यानंतर मात्र ती आमच्यात येऊन बसली नाही.

परीक्षेच्या शेवटच्या दिवशी तिने माझ्या हातात एक पाकीट ठेवले. पूर्ण पंधराशे होते. तिच्या वडिलांचे काम सुटले होते आणि ती संध्याकाळी लहान मुलांच्या शिकवण्या घेत होती, हे मला नंतर दुसऱ्यांकडून कळले. माझे पैसे परत आले, मैत्रीण गेली.

हिशेब शिकताना पहिला धडा असतो द्विनोंदी पद्धतीचा. १४९४ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या ग्रंथात ही पद्धत मांडणारे लुका पाचोली गणितज्ञ होते, तसेच फ्रान्सिस्कन पंथाचे साधूही होते. जेवढे नावे, तेवढेच जमा. एका बाजूची नोंद कधी पुरी होत नाही. त्या रात्री मी आमच्या मैत्रीची दुसरी बाजू आठवू लागले. पहिल्या वर्षी मला डेंग्यू झाला होता, तेव्हा हीच मुलगी तीन आठवडे माझ्यासाठी सगळ्या विषयांच्या नोट्स उतरवून घरी आणून देत होती. हे माझ्या वहीत कुठेच नव्हते. आपण दिलेले आपण ठळक अक्षरांत लिहितो आणि घेतलेले लिहायचेच विसरतो.

तुम्ही विचाराल, मग कोणी बुडवले तरी गप्प बसायचे का? नाही. येणे असेल तर ते मागावे. एकांतात, सरळ शब्दांत मागावे. त्यात कसला कमीपणा नाही. नाही तर ते बुडीत खाती टाकून मोकळे व्हावे. हिशेबात हे दोनच प्रामाणिक मार्ग आहेत. मी तिसरा काढला होता: मागायचेही नाही, सोडायचेही नाही आणि टोमण्यांतून, अबोल्यातून व्याज वसूल करत राहायचे. ज्या व्याजाचा दर ठरलेला नाही, ते कधी फिटतही नाही.

संत तुकाराम महाराजांच्या चरित्रातला एक प्रसंग आपण लहानपणापासून ऐकतो. त्यांच्या घरी देहूची महाजनकी होती, सावकारी होती. सुमारे १६३० च्या भीषण दुष्काळानंतर त्यांनी लोकांकडून येणे असलेली कर्जखते इंद्रायणीत बुडवली, असे परंपरा सांगते. त्यातली एक गोष्ट मात्र आपण सहसा लक्षात घेत नाही. त्यांनी सगळी खते बुडवली नाहीत. निम्मी धाकट्या भावाला, कान्होबांना दिली आणि फक्त स्वतःच्या वाट्याची बुडवली. सोडून देण्याचा अधिकार आपल्या वाट्यापुरताच असतो. म्हणून दुखावलेल्या दुसऱ्या माणसाला "जाऊ दे रे, सोडून दे" असे सहज सांगण्याआधी आपण थांबायला हवे. ते खत त्याच्या वाट्याचे आहे.

मी इथे लेखांच्या अनुवादाची सेवा करते. अनुवाद करताना एकदा जाणवले की आपल्या भाषेत कर्जही माफ होते आणि अपराधही माफ होतो. शब्द एकच. माफ करणे म्हणजे झालेले विसरणे नव्हे. त्यापोटी काही वसूल करायचे नाही, असे ठरवणे.

मागच्या दिवाळीत मी तिला फोन केला आणि त्या दिवशीच्या बोलण्याबद्दल क्षमा मागितली. "अगं, जाऊ दे," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, पण पूर्वीची ओढही नव्हती. ती बाकी अजून माझ्या नावावर आहे आणि ती सोडायची की नाही, हे तिने ठरवायचे आहे.

आज रात्री झोपण्यापूर्वी तुमच्या मनातल्या वहीचे एकच पान उघडा. ज्या माणसाकडून येणे आहे असे वाटते, त्याच्याकडून आजवर काय काय घेतले तेही त्याच पानावर लिहा. मग ठरवा, उद्या त्याच्याशी बोलून मागायचे की सोडून द्यायचे. काहीही ठरवा, पण व्याज तेवढे आजपासून थांबवा.