कर्तव्याची आठवण

घडून गेलेल्या गोष्टींची स्मृती आणि पुढे करावयाच्या कामांची स्मृती ही दोन निराळी दप्तरे असून, वार्धक्यात दोन्ही सारखीच जीर्ण होतात हा आपला समज पुराव्यावर फारसा टिकत नाही. १९९० साली आइन्स्टाइन (पदार्थविज्ञानाचे नव्हेत, मानसशास्त्राचे) आणि मॅकडॅनियल या अमेरिकन संशोधकांनी केलेल्या प्रयोगांत, ठराविक शब्द दिसताच कळ दाबण्याच्या कामी वृद्ध मंडळी तरुणांच्या मागे पडली नाहीत. घड्याळावर आपणहून नजर ठेवावयाची असेल, तेव्हा मात्र वय जाणवते. कारण तिथे वर्दी देणारे बाहेर काहीच नसते. त्याहून नवल असे की, प्रयोगशाळेत हार खाणारे हेच लोक नेमल्या वेळी दूरध्वनी करण्यासारख्या नित्याच्या व्यवहारात बहुधा तरुणांवर मात करतात.

विचाराची गती वयाबरोबर मंदावते, हे निर्विवाद. परंतु रक्तदाबाची गोळी चहाच्या बशीत काढून ठेवणारे आणि विजेचे बिल चपलेखाली सरकवून निश्चिंत झोपणारे आजोबा जेव्हा मेंदूचा अर्धा कारभार घरातील वस्तूंच्या हवाली करतात, तेव्हा मला त्यात दुर्बलतेपेक्षा मुत्सद्दीपणाच अधिक दिसतो. "आठ वाजता गोळी घेईन" या संकल्पापेक्षा "जेवणाचे ताट उचलले की घेईन" हा संकल्प तडीस जाण्याचा संभव अधिक, कारण ताट उचलणे कोणाच्याही घरी सहसा राहून जात नाही.