बिलावर ‘जुना’ असं लिहा

मे महिन्याच्या तोंडावर गाडीचा एसी बंद पडला. कॉम्प्रेसर जाम झाला होता. नव्याची किंमत ऐकून मी थबकलो, तेव्हा मेकॅनिक म्हणाला, "कुर्ल्याच्या बाजारातून जुना आणतो, साहेब. पण जुना तो जुनाच. कुठल्या गाडीत होता, किती चालला, मला सांगता येणार नाही." मग त्याने काढलेल्या कॉम्प्रेसरमधलं तेल एका झाकणात ओतून दाखवलं. काळपट तेलात धातूचा बारीक चुरा चमकत होता. "हा चुरा आत राहिला तर दुसराही कॉम्प्रेसर खाईल. लाइन धुवावी लागेल, ड्रायर नवाच घालावा लागेल, कंडेन्सरचंही बघावं लागेल. मग वाचतात किती, ते तुम्ही ठरवा."

काम हातचं जाईल ही भीती न धरता तो बोलला.

जुना भाग बसवण्यात मला काही गैर वाटत नाही. थोरल्या भावाची पुस्तकं आणि सायकल वापरूनच आपल्याकडे कितीतरी घरं शिकली. अपघातात चेपलेल्या गाडीचा धड कॉम्प्रेसर भट्टीत जाण्यापेक्षा दुसऱ्या गाडीत फिरलेला बरा. पाप सुरू होतं ते त्याला काळा रंग मारून ‘नवा’ म्हणून बिल फाडलं की. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार जुनी वस्तू नवी म्हणून खपवणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. पण बॉनेटखाली डोकावून फरक ओळखणार कोण? गिऱ्हाइकाचं हे अज्ञान म्हणजे मेकॅनिककडे विश्वासाने ठेवलेली ठेव आहे, असं मी मानतो.

एक गोष्ट मात्र माझ्याकडूनच चुकली. पाइप सैल करताच गॅस फुस्सकन हवेत गेला आणि मी नुसता बघत उभा राहिलो. एसीतला हा गॅस, आर-१३४ए, ओझोनला धक्का लावत नाही, पण हवा तापवतो: शंभर वर्षांच्या हिशेबाने त्याचा एक किलो म्हणजे सुमारे तेराशे किलो कार्बन डायऑक्साइड. छोट्या गाडीत तो अर्ध्या किलोच्या आसपास असतो. तो ओढून साठवणारं यंत्र मिळतं. ते आहे का, हे मी विचारलंच नाही. माझ्या गारव्याचा तो खर्च कुठल्याच बिलात आला नाही.

कॉम्प्रेसर अखेर जुनाच बसवला. बिलावर ‘वापरलेला’ असं लिहून घेतलं. गाडी विकेन तेव्हा तो कागद घेणाऱ्याच्या हातात देईन. तुमची गाडी गॅरेजात जाईल तेव्हा एवढं विचारा: भाग जुना असेल तर बिलावर तसं लिहाल ना? आणि आतला गॅस कशात काढून घेणार?