परगावी गेलेल्यांचे गावाकडील खाते

1870 साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः खामगावी आला आणि जलंबपासून खामगावपर्यंत टाकलेल्या आगगाडीच्या फाट्याचा आरंभ त्याच्या हस्ते झाला, त्यामागे वऱ्हाडातील रयतेच्या प्रवासाची सोय हा हेतू नव्हता. येथील काळ्या जमिनीत पिकणारा कापूस गाठी बांधून लवकरात लवकर मुंबईच्या बंदरात आणि तेथून विलायतेतील गिरण्यांत पोहोचावा, एवढाच त्यातील मतलब होता. कापूस गेला आणि त्याच्या मागोमाग, पुढील शंभर-सव्वाशे वर्षांत, माणसेही गेली. मलकापूर, नांदुरा, शेगाव या स्थानकांवरून घाटाखालची माणसे मुंबईला व सुरतेला गेली. घाटावर, म्हणजे चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा या बाजूस, आगगाडीच नसल्याने तिकडची माणसे एस.टी.ने छत्रपती संभाजीनगरच्या कारखान्यांत आणि पुण्यात गेली. कोणी शिकून गेला, कोणी पाऊस न पडल्यामुळे गेला. कोणी अमेरिकेत संगणकाचे काम करतो, तर कोणी दसरा-दिवाळीनंतर बायकामुलांसह कोयता घेऊन उसाच्या फडावर जातो आणि पावसाळ्याच्या तोंडाशी परततो. बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या 2011 च्या शिरगणतीत सुमारे 26 लाख भरली. परंतु गावाचे नाव सांगताना ज्यांचा आवाज आजही बदलतो, अशा बाहेर राहणाऱ्यांचा समावेश त्या आकड्यात नाही.

या बाहेर गेलेल्यांचे आपल्या गावाच्या उन्नतीशी काही संघटित आणि नियमबद्ध नाते असावे की नाही, आणि असावे तर ते कोणत्या पायावर उभारावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. असे नाते असले पाहिजे, याविषयी माझ्या मनात यत्किंचितही संदेह नाही. तथापि त्यासाठी आजवर जे मार्ग चोखाळले गेले, म्हणजे जिल्ह्याच्या नावाने महानगरांत स्थापन होणारी मंडळे, त्यांचे वार्षिक स्नेहमेळावे, शाल-श्रीफळांचे सत्कार आणि जिल्ह्याच्या सर्वांगीण विकासाचे एकमताने संमत होणारे ठराव, ते मला निष्फळ वाटतात. मनुष्य जिल्ह्यावर प्रेम करीत नाही. तो आपल्या गावावर, गावाशेजारच्या ओढ्यावर, ज्या शाळेच्या ओट्यावर बसून पाढे म्हटले त्या शाळेवर प्रेम करतो. आणि ज्यावर प्रेम नाही त्यासाठी कोणी दरमहा खिशात हात घालीत नाही.

बुलढाण्याचा माणूस देणारा नाही, असे जे म्हणतात त्यांनी एखाद्या गावातील अखंड हरिनाम सप्ताहाचा शेवटचा दिवस पाहावा. काल्याचे कीर्तन संपते, महाप्रसादाच्या पंगती बसू लागतात आणि मंडपाच्या एका कोपऱ्यात सतरंजीवर बसलेला, बहुधा निवृत्त शिक्षक असलेला, एक गृहस्थ लांबट वहीतून ध्वनिक्षेपकावर वर्गणी वाचू लागतो: अमुक पाटील, मुक्काम पुणे, पाच हजार एक, तमुक, मुक्काम सुरत, एक क्विंटल गहू. नंतर तोच गृहस्थ खर्चही वाचतो, मंडपवाल्याचा, आचाऱ्याचा, कीर्तनकारांच्या बिदागीचा. आणि शिल्लक किती व ती कोणापाशी ठेवली, हे सांगून वही मिटतो. ही वही कोणत्याही धर्मादाय आयुक्ताने तपासलेली नसते, परंतु सगळ्या गावाने ती कानांनी तपासलेली असते. ज्या गावात ग्रामपंचायतीचा जमाखर्च कोणाला ठाऊक नसतो, त्याच गावात सप्ताहाचा जमाखर्च शेंबड्या पोरालाही तोंडपाठ असतो, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

आता याच माणसांनी गावासाठी म्हणून स्वतंत्रपणे जे काही दिले, ते पाहू. गावाच्या शिवेवर सिमेंटची भव्य कमान असते, तिच्यावर देणगीदाराच्या वडिलांचे नाव असते आणि तिच्याखालचा रस्ता खडीचा असतो. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात, जळगाव जामोद व संग्रामपूर तालुक्यांतील ज्या गावांत खाऱ्या पाण्यापायी मूत्रपिंडाच्या विकाराने घरटी माणसे खंगली, तेथे कोणा परगावच्या सुपुत्राने पाणी शुद्ध करण्याचे यंत्र बसवून दिलेले असते. फीत कापली जाते, छायाचित्रे निघतात, दोन वर्षांनी यंत्रातील पडदा निकामी होतो आणि तो बदलण्याचे काम कोणाचे, हेच ठरलेले नसल्याने यंत्राच्या खोलीला कुलूप लागते. दात्याचा हेतू निर्मळ होता, रक्कमही थोडी नव्हती. मात्र ते दान एका माणसाचे होते आणि एका दिवसाचे होते. गावाने ते मागितले नव्हते, म्हणून त्याची निगा राखण्याचे ओझेही गावाने कधी आपले मानले नाही.

विश्वास असला म्हणजे दूरदेशीचा पैसा कसा वाहत येतो, हे पाहण्यासाठी या जिल्ह्यातील लोकांना परदेशी जावयास नको. शेगावच्या श्री गजानन महाराज संस्थानाची स्थापना 1908 ची. महाराजांनी समाधी घेतली 1910 साली. त्यानंतरच्या काळात संस्थानाने भक्तनिवास बांधले, दवाखाने चालविले, 1983 साली अभियांत्रिकी महाविद्यालय काढले, आणि पंचक्रोशीतून व दूरदूरहून पाळीपाळीने येऊन विनावेतन राबणाऱ्या सेवेकऱ्यांचे जे बळ उभे केले, त्यास महाराष्ट्रात फारशी तोड नाही. शिवशंकरभाऊ पाटील यांनी दीर्घकाळ हा कारभार पाहिला. 2021 साली ते निवर्तले, तेव्हा लोकांनी त्यांच्याविषयी जे सांगितले त्यात काटकसर आणि निःस्पृहता हेच दोन गुण पुनःपुन्हा येत होते. भक्ती हे संस्थानाचे मूळ भांडवल होय, हे मान्य. परंतु भक्ती तर पुष्कळ देवस्थानांच्या वाट्यास येते. दानपेटीत पडलेल्या रुपयाचे पुढे काय होते हे डोळ्यांना दिसणे, ही शेगावची खरी मिळकत आहे, आणि परगावच्या लोकांना गावाशी जोडू पाहणाऱ्याने प्रथम तिचाच अभ्यास करावा.

परगावच्या लोकांना गावाशी जोडणे कोकणाने फार पूर्वी साधले. गिरणगावातील चाळींत गावकीच्या खोल्या असत. एका खोलीत एकाच गावचे गडी दाटीवाटीने राहत, महिन्याची वर्गणी भरत, आणि त्या वर्गणीतून गावाकडचे देऊळ, मग शाळा, मग साकव उभा राही. गिरण्या 1982 च्या संपानंतर मोडल्या, तरी मुंबईचे मंडळ आणि गावचे मंडळ अशी जोडी कित्येक कोकणी गावांत अद्याप टिकून आहे. दूर आफ्रिकेतही असेच घडले. माली देशाच्या पश्चिमेस कायेस नावाचा कोरडा मुलूख आहे. तेथील सोनिंके जमातीचे लोक पॅरिसमध्ये मजुरी करीत, एकेका वसतिगृहात गावोगावचे गट करून राहत आणि गावनिधीची सामाईक पेटी चालवीत. त्या पेटीतून आधी मशिदी झाल्या, मग विहिरी, शाळा आणि दवाखाने. दादरच्या चाळीतला संगमेश्वरी गडी आणि पॅरिसमधला सोनिंके मजूर यांनी एकमेकांचे नावही ऐकले नसेल, पण दोघांनी आधी देवाचे घर बांधले व मग लेकरांचे. या क्रमाला हसण्याचे कारण नाही, कारण हिशेबाची पहिली सवय देवाच्याच कामात लागते. पुढची अडचणही दोन्हीकडे सारखीच: दवाखान्याची इमारत उभी राहिली, परिचारिका मात्र सरकारने दिली नाही. आफ्रिकी संघाने तर 2003 साली आपल्या घटनेतील दुरुस्ती संमत करून देशोदेशी पांगलेल्या आफ्रिकी वंशाच्या लोकांना खंडाच्या उभारणीत भाग घेण्याचे आवाहन केले. ते योग्यच होते. परंतु खंडाच्या पातळीवरील आवाहनापेक्षा कायेसच्या पेटीने अधिक विहिरी खोदल्या असतील, असे मला वाटते.

येथे मलिक अंबरची आठवण होते. आफ्रिकेतील हबसाणात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला हा पुरुष दख्खनेत निजामशाहीचा आधारस्तंभ झाला. ज्या निजामशाहीत सिंदखेडराजाचे लखुजी जाधवराव मातब्बर सरदार होते, तिच्याच महसुलाची त्याने घडी बसविली आणि 1610 साली खडकी शहर वसवून त्यास नहर-ए-अंबरीचे पाणी दिले. त्याच्या बुद्धीचा एक थेंबही त्याच्या जन्मभूमीस मिळाला नाही, कारण परतीची वाटच त्याला ठेवलेली नव्हती. आमच्या पोरांपुढे ती वाट उघडी आहे, रात्रीच्या गाडीने बसले तर सकाळी गाव येते, आणि तरीही आमच्या गावांतून गेलेल्या अभियंत्यांची विद्या जर केवळ पुण्याच्या इमारतींस लाभत असेल, तर त्याचा दोष नियतीवर टाकता येणार नाही.

बाहेरचे साहाय्य आणि गावचे कष्ट एकत्र आले म्हणजे काय होते, हे या जिल्ह्याने 2018 साली पाहिले. त्या उन्हाळ्यात पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत मोताळा तालुक्यातील सिंदखेडने राज्यात दुसरा क्रमांक विभागून मिळविला. 1 मे रोजी शहरांतील हजारो लोक महाश्रमदानासाठी गावोगाव उतरले. ज्यांच्या हातांना टिकाव-फावड्याची सवय उरली नव्हती, अशा नोकरदारांनी समतल चर खोदले आणि घमेली वाहिली. त्याच वर्षी भारतीय जैन संघटनेने जिल्हा प्रशासनाशी हातमिळवणी करून शंभराहून अधिक यंत्रे तलावांत व नाल्यांत उतरविली. त्या व्यवस्थेतली वाटणी मला विशेष भावते: यंत्र संस्थेचे, इंधन सरकारचे आणि निघालेला गाळ शेतापर्यंत नेण्याचा खर्च शेतकऱ्याचा. तीनही पक्षांनी काही तरी घातलेले असल्याने तिघांचेही लक्ष कामावर राहिले. गाळाची ट्रॉली आपल्या मुरमाड वावरात ओतताना शेतकरी खाली उतरून, मूठभर काळी माती हातात घेऊन चुरून पाहत असे. फुकट मिळालेल्या वस्तूची अशी पारख कोणी करीत नाही.

यावर एक आक्षेप येतो आणि तो उपेक्षणीय नाही. रस्ते, पाणी, शाळा ही सरकारची कर्तव्ये. दांडेकर समितीने 1984 साली विदर्भाच्या विकासाचा अनुशेष कागदोपत्री मांडला असता, तो सरकारकडून भरून घेण्याचे सोडून आम्ही वर्गण्या का गोळा कराव्यात? खामगाव-जालना लोहमार्गाची मागणी इंग्रजी अमदानीपासून चालत आली आहे, ती काय सप्ताहाच्या वहीतून पुरी होणार? मुळीच नाही, आणि होऊही नये. सरकारची जबाबदारी आपल्या शिरावर घेणे हे परगावी गेलेल्यांच्या गावमंडळाचे काम नव्हे. किंबहुना माझ्या मते पैसा हा अशा मंडळाचा दुय्यम उपयोग होय. पाझर तलावाच्या दुरुस्तीचे अंदाजपत्रक गावात कोणाला वाचता येत नाही, परंतु त्याच गावचा एक मुलगा पुण्यात पाटबंधाऱ्याची गणिते करीत असतो. त्याने एका रविवारी ते कागद वाचले, मोजमाप पुस्तिकेची नक्कल माहितीच्या अधिकारात मागविली आणि ग्रामसभेत उभे राहून दोन प्रश्न विचारले, तर जे काम होईल ते लाखाच्या देणगीने होणार नाही. दवाखान्याला परिचारिका मिळेपर्यंत तहसील व जिल्हा परिषदेत अर्जामागून अर्ज करीत राहण्याची चिकाटी, हीही एक वर्गणीच आहे.

परंतु या ठिकाणी एक भय आहे. बाहेरून येणारा मनुष्य बहुधा सल्ला घेऊन येतो, आणि सल्ल्याच्या पाठोपाठ हुकूम येतो. गावात राहून दुष्काळ सोसणाऱ्याने बैठकीत मान खाली घालून बसावे आणि दोन दिवसांच्या सुट्टीवर आलेल्याने गावाचे हित त्याला समजावून सांगावे, हे मला असह्य वाटते. म्हणून मंडळाच्या घटनेत पहिलेच कलम असे हवे की काम ग्रामसभा सुचवील आणि मत प्रत्येकास एकच राहील. अमेरिकेतून लाख रुपये पाठविणाऱ्याचे मत एक आणि वीटभट्टीवरून शंभर रुपये पाठविणाऱ्याचेही एकच. जातीच्या नावाने, पक्षाच्या नावाने ज्या संघटना होतात त्यांना त्यांचे क्षेत्र लखलाभ असो. गावाच्या तलावाचे पाणी वाड्यावर व वस्तीवर सारखेच जावयाचे असेल, तर त्याच्या निधीतही दोघांचे नाव सारख्याच अक्षरांत लिहिले गेले पाहिजे.

आणि ज्यांचे नाव आजवर कोणत्याच यादीत लिहिले गेले नाही, त्या गावच्या लेकी. गाव सोडून बाहेर गेलेला सर्वांत जुना व सर्वांत मोठा समुदाय माहेरवाशिणींचा आहे. त्यांना चोळी-बांगडी करण्यात गावाने कसूर केली नसेल, परंतु गावाच्या शाळेविषयी त्यांचे मत कधी विचारले नाही. ज्या जिल्ह्याची लेक जिजाऊ, जिच्या जन्मस्थानी दर 12 जानेवारीला सिंदखेडराजात माणसांचा पूर लोटतो, त्या जिल्ह्यात तरी हे इतके दिवस चालावयास नको होते. सासरी राहून माहेरचा विचार करणे ज्यांच्या अंगवळणी पडले आहे, त्यांच्याइतकी या कामाची समज दुसऱ्या कोणाला असणार?

नोंदणी, घटना, बँकेतील खाते या गोष्टी यथाकाल होतील. बाहेरगावी राहणाऱ्या माझ्या वाचकांना तूर्त माझी विनंती एवढीच की, यंदा गावच्या सप्ताहाला काल्याच्या दिवशी जा, ती लांबट वही वाचून होईपर्यंत बसा, आणि वही मिटण्यापूर्वी गावकऱ्यांसमक्ष तिच्यात गावाच्या पाण्याचे व शाळेचे एक निराळे खाते उघडण्यास सांगून त्यात पहिली रक्कम आपल्या व आपल्या बहिणीच्या नावे लिहा.