अग्नीचा वाटा

शेतात उरलेल्या काडावर पहिला हक्क कुणाचा, हा प्रश्न मी धर्माचा मानते. बाजारभाव त्यात नंतर येतो.

आमची शेती निफाड तालुक्यात, गोदावरीच्या काठाला. थोडी द्राक्षबाग, थोडा गहू, एका तुकड्यात ऊस. मार्चअखेर गव्हातून हार्वेस्टर फिरून गेला की दाणे ट्रॉलीत जातात आणि मागे धसकटं नि त्यांच्यावर पसरलेलं काड राहतं. पुढच्या पिकाची घाई असलेला माणूस संध्याकाळी वारा पडला की काडी ओढतो. अलीकडे हे काड विकलंही जातं. बेलर लावून गठ्ठे बांधतात, भुगा करून कांड्या दाबतात आणि पांढरा कोळसा म्हणून त्या बॉयलरला जातात. आमच्याकडे येणारा व्यापारी पोरगा मला म्हणाला, "काकू, नाहीतरी इथं ते जळणारच आहे. मग बॉयलरात जळू द्या, चार पैसे तरी सुटतील." त्याचं बोलणं सरळ होतं. तरी मला लगेच हो म्हणवेना. का म्हणवेना, हे शोधायला मी पोथ्यांकडे गेले आणि कुंदेवाडीच्या संशोधन केंद्रातल्या गव्हाकडेही.

तैत्तिरीय उपनिषदात भृगू आपल्या बापाला, वरुणाला, ब्रह्म म्हणजे काय ते विचारतो. तप केल्यावर त्याला पहिल्यांदा उमगतं ते अन्न. पुढे तो प्राण, मन, विज्ञान करत आनंदापर्यंत चढतो. पण तिथं पोचल्यावर उपनिषद पुन्हा अन्नाकडे वळतं आणि व्रतं घालून देतं: अन्नाची निंदा करू नये, ते टाकू नये, ते वाढवावं, दारी आलेल्याला परत धाडू नये. त्याच जागी आणखी एक विचार आहे, ज्याच्यावर कीर्तनात फारसं कुणी थांबत नाही. पाणी अन्न आहे आणि तेज ते खातं. पृथ्वी अन्न आहे आणि आकाश तिला खातं. आणि खाणारा नि खाल्लं जाणारं एकमेकांच्याच आधारानं उभे आहेत. म्हणजे अग्नीला भूक असणं उपनिषदाला मान्य आहे. जे पिकतं ते जाळणं म्हणजे पाप, असं सोपं उत्तर तिथं मिळत नाही.

आपल्या घरांतही ते उत्तर कधी नव्हतं. देवापुढचा दिवा तेलातुपाचा. ते तेल भाजीत पडलं असतं, ते तूप पोराच्या भातावर. होमात तीळ आणि तांदूळ पडतात. बहात्तरच्या दुष्काळात सुकडीवर दिवस काढताना माझ्या आईनं देवापुढची वात बंद केली नाही. तेल मात्र वात भिजेल एवढंच घालायची. आमच्या बागेतही अग्नी लागतो. डिसेंबर-जानेवारीत पारा चार-पाच अंशांवर आला की पहाटे बांधाबांधानं शेकोट्या कराव्या लागतात, नाहीतर मणी तडकतात. वर्षभराचं पीक त्या धुरावर तगतं. अग्नीला जेवू घालणं आमच्या जगण्यातलंच आहे, म्हणून मला त्यात किती घालायचं हेच विचारावंसं वाटतं.

माप सुटलं की काय होतं ते महाभारतानं आदिपर्वात सांगून ठेवलंय. श्वेतकी राजाच्या यज्ञात बारा वर्षं तूप पिऊन अग्नीला अजीर्ण झालं. त्यावर उपाय म्हणून त्याला खांडववन हवं झालं. यमुनेकाठी बसलेल्या कृष्णार्जुनांपुढे तो ब्राह्मणाच्या रूपात येऊन उभा राहिला आणि जेवण मागितलं. अतिथीला परतवायचं नाही, म्हणून त्यांनी वन दिलं. पळणारे प्राणी पुन्हा आगीत ढकलले गेले. अश्वसेन नाग, मयासुर आणि शार्ङ्गक पक्ष्याची चार पिल्लं एवढेच वाचले. मला या कथेत सगळ्यांत भीतीदायक वाटतं ते अग्नीचं दुखणं. त्याला उपासमारीनं भूक लागली नव्हती, ती अतिसेवनातून लागली होती. आणि व्रत पाळूनच, अतिथीधर्म पाळूनच, वन जळालं.

आता गव्हाकडे येते. कुंदेवाडीचं कृषी संशोधन केंद्र राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं. हिवाळ्यात पेपरात निफाडचं तापमान छापून येतं ते तिथंच मोजलेलं. त्र्यंबक, तपोवन, गोदावरी, नेत्रावती, फुले समाधान ही गव्हाची वाणं याच केंद्राची, आणि आमच्या घरच्या पोळीत त्यातली बरीच येऊन गेली. सासूबाई सांगायच्या की त्यांच्या लहानपणी गहू माणसाच्या छातीला लागायचा. साठच्या दशकात मेक्सिकोचं बुटकं बियाणं आलं. 1966 साली देशानं अठरा हजार टन मागवलं. उंच गहू खत दिलं की लोळायचा, बुटका उभा राहायचा. झाडाचं एकूण वजन फार वाढलं नाही, त्यातला दाण्याचा हिस्सा वाढला. पिकावर पडणाऱ्या उन्हातला शेकड्याला एखादाच भाग झाडाच्या अंगी लागतो. तो दाण्यात किती, काडात किती, मुळात किती जायचा, हे वाण निवडणारा माणूस ठरवतो. प्रयोगाच्या वाफ्यात उभा असलेला शास्त्रज्ञ खळ्यावर वाटे घालत असतो, असं मला वाटतं, आणि म्हणून त्याचं काम मी धर्मकार्य समजते.

भूक मोठी होती तेव्हा त्यानं दाण्याच्या बाजूनं निवड केली, ते योग्यच होतं. आता दुसरी, इंधनाची भूक पुढे आलीय आणि तिच्यासाठी उलट दिशेनं निवड सुरू आहे. फलटणला बनबिहारी निंबकरांनी 1968 साली काढलेल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत गोड ज्वारीवर कित्येक वर्षं काम झालं. वर कणसात दाणा आणि धाटात उसासारखा रस, असं ते पीक. 'मधुरा' हे त्यांचं वाण. अमेरिकेतून 1981 साली फलटणला आलेले अनिल राजवंशी आणि त्यांचे सहकारी त्या रसापासून केलेलं इथेनॉल सूर्याच्या उष्णतेवर गाळायच्या मागे लागले. निम्मं पाणी असलेल्या इथेनॉलवर चालणारा स्टोव्हही त्यांनी केला, धुरात डोळे चोळणाऱ्या बाईसाठी. राहुरीनंही गोड ज्वारीचं 'एसएसव्ही 84' दिलं. ही ज्वारी चार महिन्यांत येते आणि उसापेक्षा फार कमी पाण्यात. दाणा माणसाला, रस अग्नीला, चोथा नि पाला गुरांना. एकाच रोपात इतक्यांचे वाटे बसवणारी ही कल्पना मला अतिशय सुंदर वाटते, आणि ती गावोगाव पोचली नाही याचं वाईट वाटतं.

देशानं मोठ्या मापावर धरलेली वाट वेगळी. 2003 मध्ये पेट्रोलात पाच टक्के इथेनॉल घालायला सुरुवात झाली, 2025 मध्ये वीस टक्के गाठले. आधी मळीपासून, मग थेट उसाच्या रसापासून, मग मका आणि तांदूळ. पाऊस कमी झाला तेव्हा डिसेंबर 2023 मध्ये सरकारला रसापासूनच्या इथेनॉलवर बंधन आणावं लागलं. लासलगाव-येवल्याकडे मक्याला भाव आला आणि माझ्या नात्यातल्या एका घरात त्या पैशातून मुलीची कॉलेजची फी भरली गेली. त्या घराला मी धर्म शिकवायला जाणार नाही. पण गाडीच्या टाकीची भूक पोटाच्या भुकेसारखी भागत नाही. जेवलेला माणूस पुरे म्हणतो, टाकी तसं कधी म्हणत नाही. खांडव मला इथं आठवतं.

माझी भाची राहुरीला शिकते. तिचं म्हणणं, "मावशी, दाणा जाळायचाच नाही. काड वापरायचं. मग भांडण कशाचं?" तिनं मला नीट समजावलं. काडातही साखरच असते, पण सेल्युलोजच्या साखळीत अडकलेली, वरून लिग्निनचं कवच. वाफ आणि आम्ल देऊन ते कवच सैल करायचं, विकरांनी साखळी तोडायची, मग यीस्टच्या हवाली करायचं. पुण्याच्या प्राज कंपनीच्या तंत्रावर पानिपतला इंडियन ऑइलचा असा कारखाना उभा राहिला. ऑगस्ट 2022 मध्ये त्याचं लोकार्पण झालं. वर्षाला दोन लाख टन भाताचा पेंढा आणि तीन कोटी लिटर इथेनॉल असा त्याचा हिशेब. जो पेंढा शेतात जळून दिल्लीचा श्वास कोंडतो, त्याचं इंधन होत असेल तर ते चांगलंच आहे.

तरी भाचीच्या बोलण्यात एक वाटेकरी सुटलाय. अथर्ववेदाच्या अकराव्या कांडात उच्छिष्टाचं सूक्त आहे. यज्ञातून जे उरतं त्याच्यावर नाव, रूप, लोक, सगळं सगळं टेकलेलं आहे असं त्या सूक्ताचे ऋषी म्हणतात. पहिल्यांदा वाचलं तेव्हा ते मला गूढ वाटलं होतं. शेतात उभी राहून वाचलं तेव्हा काही गूढ राहिलं नाही. धसकटं, पाला, मुळं हे जे आपण उरलंसुरलं म्हणतो त्याच्यावरच पुढचं पीक उभं राहतं. काडात पालाश असतो, थोडा नत्र असतो, आणि गांडुळापासून बुरशीपर्यंत सगळ्यांचं जेवण असतं. जाळलं तर राखेत पालाश उरतो, नत्र आणि कार्बन वर जातात. गठ्ठे बांधून नेलं तर राखही आपल्याला मिळत नाही.

जुन्या स्मृतींनी गृहस्थाच्या घरात जीवहत्येच्या पाच जागा सांगितल्या: चूल, जातं, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा माठ. चूल पेटली की काहीतरी मरतंच, म्हणून जेवणाआधी इतरांचे वाटे काढायचे. हे मला पटतं. मात्र वाट्यांच्या जुन्या पद्धतीचे मी गोडवे गाणार नाही. खळ्यावर बलुतं वाटलं जायचं तेव्हा काहींना त्यासाठी मान खाली घालून उभं राहावं लागायचं, आणि महार वतनाविरुद्ध बाबासाहेबांना लढावं लागलं ते उगाच नाही. हक्काचा वाटा उपकार म्हणून दिला की तो विटाळतो. मातीचं तेच. उरलं तर देऊ असं मातीला म्हणता येत नाही, तिचा वाटा आधी मोजायला हवा.

अग्नी आणि माती दोघांनाही पोचेल अशी एक गोष्ट आपल्याकडे आहेच, गोबरगॅस. ज्वाला चुलीला आणि स्लरी शेताला. आमच्या घरी संडास त्याला जोडायचं ठरलं तेव्हा सासूबाईंनी त्या गॅसवर नैवेद्य करायला साफ नकार दिला. शेणाचं चालेल, हे नाही. मी वाद घातला नाही, देहूच्या डॉ. सुहास मापुसकरांची गोष्ट सांगितली. ते सरकारी डॉक्टर म्हणून तुकोबांच्या गावी आले, लोकांना संडास बांधायला लावले, सफाईचं काम आधी केलेल्या आप्पासाहेब पटवर्धनांच्या वाटेनं पुढे जात मैल्यावरचं 'मलप्रभा' बायोगॅस संयंत्र केलं. 2017 मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. सासूबाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "तुकोबाच्या गावात चाललं, तर इथं काय अडलंय." पुढच्या एकादशीला साबुदाणा त्याच शेगडीवर झाला.

धर्म आणि हिशेब एकत्र धरणारे न्यायमूर्ती रानडे आमच्या निफाडला 1842 साली जन्मले. प्रार्थना समाजात धर्मावर व्याख्यानं देणारा आणि भारतीय अर्थशास्त्रावर लिहिणारा तो एकच माणूस होता. इंधनाचा प्रश्न त्यांच्यासारखाच दोन्ही अंगांनी धरायला हवा.

व्यापारी पोराला मी द्राक्षाच्या छाटणीच्या काड्या दिल्या. रोगट काड्या बागेत ठेवता येत नाहीत, त्या जळायलाच हव्यात आणि त्याच्या बॉयलरात जळलेल्या बऱ्या. उसाचं पाचट सरीतच कुजू दिलं. गव्हाच्या काडातलं गायीपुरतं काढून बाकी रोटाव्हेटरनं मातीत घातलं. तो म्हणाला, "काकू, पुढच्या साली भाव वाढवून देतो." मी म्हटलं, भाव दे, पण एकरी किती काड नेल्यावर माझी जमीन उपाशी राहत नाही ते आधी विचारून ये.

त्याला विचारायला जागा असायला हवी. शिवारफेरीला कुंदेवाडीला गेलं की प्रयोगाच्या वाफ्यांपुढे तक्ते लावलेले दिसतात: वाणाचं नाव, दिवस, हेक्टरी क्विंटल, तांबेऱ्याला बळी पडतं की नाही. गव्हाच्या, गोड ज्वारीच्या, उद्या इंधनासाठी येईल त्या प्रत्येक वाणाच्या तक्त्यात मला आणखी एक रकाना हवा आहे: कापणीनंतर जमिनीत किती ठेवायचं, हेक्टरी किलोत. तो दाण्याच्या रकान्याच्या आधी छापावा.