बाळंतिणीचा कप

बाळ रात्री किरकिरलं की घरात पहिली चौकशी होते ती आईच्या ताटाची. वालाची उसळ खाल्लीस का, ताक प्यायलीस का, आणि अलीकडे, कॉफी घेतलीस का? विचारणाऱ्यांची माया खरी असते. पण या चौकशीचा निकाल बहुतेक वेळा आधीच लागलेला असतो. रात्रभर जागलेल्या बाईला जो एक गरम कप हवासा वाटतो, तोच मग बंद होतो.

कॅफीन दुधात उतरतं, हे खरं आहे. कप प्यायल्यावर तास-दोन तासांत दुधातलं त्याचं प्रमाण सर्वाधिक असतं. पण बाळापर्यंत पोहोचतं ते आईनं घेतलेल्या कॅफीनपैकी साधारण एक टक्का, फार तर दीड. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २०१५ साली सांगितलं की अंगावर पाजणाऱ्या आईनं दिवसाला २०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन घेतलं तर बाळाच्या दृष्टीनं काळजीचं कारण नाही. अमेरिकेतल्या रोगनियंत्रण केंद्राची मर्यादा ३०० आहे. आता आपला कप मोजू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४च्या मार्गदर्शिकेनुसार दीडशे मिलिलिटर इन्स्टंट कॉफीत ५० ते ६५ मिलिग्रॅम कॅफीन असतं, चहात ३० ते ६५. म्हणजे दोन कप इन्स्टंट आणि एक कप चहा झाला, तरी आपण कडक मर्यादेच्या आतच राहतो. फिल्टर कॉफी मात्र जपून घ्यावी. तिच्या एका कपात ८० ते १२० मिलिग्रॅम निघतं.

घरच्यांच्या भीतीत तथ्य आहे, ते बाळाच्या वयापुरतं. मोठ्या माणसाच्या शरीरातलं निम्मं कॅफीन पाचेक तासांत निघून जातं. नवजात बाळाचं यकृत अजून त्या कामाला तयार नसतं; त्याला तीन-चार दिवस लागतात. म्हणून पहिल्या काही आठवड्यांत रोज थोडं थोडं साठत जाऊ शकतं. बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल तर आणखी जपायला हवं. सहा महिन्यांच्या आसपास ही अडचण उरत नाही. तेव्हा पहिला महिना-दीड महिना एखाद्या कपावर भागवणं शहाणपणाचं.

आणि याच अपुऱ्या दिवसांच्या बाळांना अतिदक्षता विभागात कॅफीन औषध म्हणून देतात! त्यांचा श्वास मध्येच थांबतो, तो चालू राहावा म्हणून. सुमारे दोन हजार अतिशय कमी वजनाच्या बाळांवरचा मोठा अभ्यास २००६-०७मध्ये प्रसिद्ध झाला आणि हा उपचार जगभर रुळला. पहिल्या मात्रेत किलोमागे दहा मिलिग्रॅम कॅफीन जातं. आईच्या एका कपातून बाळाला जेमतेम एक मिलिग्रॅम मिळतं. औषध वजन करून, डॉक्टरांच्या नजरेखाली दिलं जातं, हा फरक मोठा आहे. म्हणून तर मला मात्रेबद्दलच बोलायचं आहे. ‘चालतं’ की ‘चालत नाही’ एवढ्यावर थांबलं की मात्रेचा विचारच होत नाही.

मग बाळ रडतं कशानं? ब्राझीलमधल्या पेलोटास शहरात तीन महिन्यांच्या बाळांची रात्रीची जाग आणि आईचं कॅफीन यांचा ताळा घातला गेला. २०१२ साली छापलेल्या त्या अभ्यासात ठोस संबंध आढळला नाही. एखादं बाळ संवेदनशील असू शकतं. तसं वाटलं तर चार-आठ दिवस कॉफी बंद ठेवून पाहावं. पण तान्ह्यांचं रडणं तसंही सहाव्या आठवड्याच्या सुमारास वाढतं आणि तीन-चार महिन्यांत आपसूक ओसरतं. रडणं शिगेला असताना आईनं कॉफी सोडली, पुढे बाळ शांत झालं, की श्रेय पथ्याला मिळतं आणि पुढच्या बाळंतिणीसाठी नियम पक्का होतो.

हाच काटेकोरपणा बाळगुटीच्या सहाणेपाशी का दिसत नाही, हे मला कळत नाही. बाळाला झोप लागावी म्हणून जायफळाचे वेढे उगाळून थेट त्याच्या तोंडात जातात. एका वेढ्यात किती उतरलं, कोणी मोजत नाही. पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काहीही नको, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

कॉफीबद्दल खरी सांगण्याजोगी गोष्ट वेगळीच आहे, आणि ती आईच्या स्वतःच्या शरीराची आहे. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. चहा-कॉफीमुळे अन्नातलं लोह अंगी लागत नाही, म्हणून जेवणाच्या आधी आणि नंतर एक तास ती टाळावी, असं पोषण संस्था सांगते. लोहाच्या गोळीलाही हेच लागू. किती बाळंतिणींना हे कोणी सांगतं? बाळाच्या झोपेसाठी त्यांचा कप काढून घेणारे पुष्कळ भेटतात.

दवाखान्यातून घरी सोडताना हातात जो कागद पडतो, त्यावर या चार ओळी लिहायला फारशी जागा लागणार नाही: किती कप, बाळ किती दिवसांचं होईपर्यंत जपायचं, गोळीपासून किती अंतर ठेवायचं. आणि चौथी ओळ घरच्यांसाठी: रात्रीच्या एका पाजण्यानंतर बाळाला ढेकर काढून निजवण्याचं काम दुसऱ्या कोणी घ्यावं. बाळाच्या बाबांना ते सहज जमतं. सलग तीन-चार तास झोप मिळालेल्या बाईला तिसऱ्या कपाची गरज बहुधा पडत नाही.