निरोप नाही, म्हणून माया नाही?

सज्जनहो, आपल्या शास्त्रांत 'अनुपलब्धि' नावाचा एक विचार आहे. समोर जमीन आहे, उजेड आहे, डोळे धड आहेत. तरी घागर दिसत नाही. तेव्हा येथे घागर नाही, असे निश्चयाने म्हणता येते. पण काळोखात घागर दिसली नाही, तर ती नाहीच असे म्हणू नये. असती तर दिसलीच असती, अशी स्थिती असेल तरच न दिसणे हा पुरावा होतो. भाट्ट मीमांसक आणि अद्वैत वेदान्ती हिला स्वतंत्र प्रमाण मानतात, नैयायिक मानीत नाहीत. पण ही अट दोघांसही मान्य आहे. हा पंडितांचा विषय येथे कशाला, असे आपण म्हणाल. अहो, आज घरोघरी मोबाईलवरून जे रुसवेफुगवे होतात, त्यांतले पुष्कळसे ही अट विसरल्यामुळेच होतात.

आमच्या रायगडच्या किनाऱ्यावरची कित्येक घरे निरोपावर जगत आली. मुलगा मुंबईस गिरणीत, आई गावी. पावसाळ्यात समुद्र खवळला की लाँच बंद. कधीमधी एखादे पोस्टकार्ड येई, तेही पुष्कळदा मास्तरांकडून किंवा पोस्टमनकडून वाचून घ्यायचे. मायलेकरांचे गुज तिसऱ्याच्या तोंडून! तार आली तर ती उघडण्याआधीच घरात रडारड. ती तारसेवा १५ जुलै २०१३ पासून बंद झाली. त्या काळाचे गोडवे आम्ही गाणार नाही. मात्र पत्र आले नाही, तर आधी दोष पावसाला किंवा टपालाला जाई. मुलाच्या मायेवर कोणी एकदम बोट ठेवीत नसे.

आज आईच्या हाती फोन आहे. लेकराचा आवाज ऐकू येतो, तोंड दिसते. हे सुख लहान नव्हे. पण २०१४ पासून व्हॉट्सॲपवर निरोप वाचला गेला की दोन निळ्या खुणा उमटू लागल्या. आई म्हणते, "वाचलंय त्यानं, मग बोलत का नाही?" खूण एवढेच सांगते की निरोप उघडला गेला. तो लोकलमध्ये लोंबकळत आहे, साहेबापुढे उभा आहे, की काय लिहावे ते न सुचून थांबला आहे, हे ती सांगत नाही. उजेड उंबरठ्यापर्यंतच आला आहे. आतली घागर अजून काळोखातच आहे.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन, मुरूड, दिवेआगर भागांत नारळीपोफळीच्या बागा आडव्या झाल्या, विजेचे खांब पडले, फोन मुके झाले. करोनाचे दिवस, मुंबईकरांना चटकन गावी धावता येईना. काळजीने जीव कासावीस झाला, पण 'आई बोलत नाही, तिची माया आटली' असे कोणाच्या मनात आले काय? त्याच वर्षी १ जुलैच्या आषाढीस पायी वारी झाली नाही, पादुका एस.टी.ने पंढरीस गेल्या. वारकरी घरी राहिला. दर्शन घडले नाही म्हणून विठ्ठल परका झाला, असे त्याने मानले नाही. वादळात जी समजूत आपल्याला साधते, ती एरवीही साधली पाहिजे. माणसाच्या आतही खांब पडतात. ते बाहेरून दिसत नाहीत, एवढेच.

मग गप्प राहणाऱ्याला मोकळे रान द्यावे काय? मुळीच नाही. ज्याला दोन शब्द लिहिणे सहज शक्य आहे, त्याने ते लिहावे. दुसऱ्याच्या विश्वासावर फुकट जगू नये. आणि वाट पाहणाऱ्याने निवाडा करण्यापूर्वी विचारावे. विचारणे म्हणजे संशय नव्हे. मनात खटला चालवून शिक्षा ठोठावणे, हा संशय.

जे दिसते ते आपण जाणतो. तेथे विश्वासाचे काम नाही. फोन कितीही शहाणा झाला, तरी दुसऱ्याच्या मनाचा काही भाग न दिसणाराच राहणार. तेवढ्या भागावर माया भरवसा ठेवते. तो भरवसा सोडून केवळ खुणाच मोजत बसलो, तर ती पाळत झाली, माया नव्हे.