झाड आपले, कौले शेजाऱ्याची

नाशिकच्या पंचवटीला नावच पाच वडांवरून मिळाले अशी परंपरा आहे. तुकोबारायांनी तर झाडांना नात्यात घेतले. पण वळवाच्या वादळात परसातला निंब शेजाऱ्याच्या कौलांवर आडवा होतो आणि दोन घरांचे बोलणे बंद पडते. एक म्हणतो, "भरून दे." दुसरा म्हणतो, "वारा काय मी सोडला? देवाची करणी!"

देवाच्या नावावर उधारी मांडणे फार सोपे, बरं का! न्यायाची रीत अशी की, धडधाकट झाड वादळाने पडले तर सहसा मालकावर भरपाईचा बोजा येत नाही. परंतु बुंधा पोखरला आहे, झाड कलले आहे, हे मालकाला ठाऊक होते किंवा नीट पाहिले असते तर कळले असते, तेथे देवाला मध्ये आणता येत नाही. ती मालकाची हयगय. भरपाई त्यानेच द्यावी. राजकोटला 1975 साली रस्त्याकडेचे झाड अंगावर पडून एक वाटसरू गेला. त्याच्या पत्नीचा दावा 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयात संपला. झाड पडेल हे आधी कळण्याजोगे नव्हते म्हणून नगरसंस्था जबाबदार ठरली नाही. बावीस वर्षे गेली, हाती काही नाही!

म्हणून झाड उभे असतानाच बोलावे, आणि शेजाऱ्याने ते लेखी द्यावे. कागद असला म्हणजे "मला ठाऊक नव्हते" हे चालत नाही. शहरात 1975 च्या कायद्याने स्वतःचे झाडही वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीवाचून तोडता येत नाही, हे खरे. पण जीवाला वा मालमत्तेला धोका असेल तर परवानगी नाकारू नये, असेही त्याच कायद्यात आहे. मालक ऐकतच नसेल तर पडाऊ झाड काढण्याचा हुकूम दंडाधिकारी देऊ शकतात. वादळानंतर तलाठ्याकडून पंचनामा मात्र करून घ्यावा. सरकारी मदत मिळाली तर ती त्यावरच मिळते.

आता झाड खरोखर निरोगी होते, कायद्याने मालक सुटला. मग काय, हात झटकायचे? इतकी वर्षे सावली आपण घेतली, पाचोळा शेजारीण झाडीत होती! आमच्या मते ओंडका आपण उचलावा, चार कौले आपण आणावीत, उरलेल्याचे दोघांनी बसून ठरवावे. ज्येष्ठात निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वराहून निघते, आणि वादळाचे दिवसही तेच. महिनाभर पंढरीच्या वाटेवर असताना घराची किल्ली आपण त्याच शेजाऱ्याच्या हाती देऊन निघालेलो असतो.